रेटिनॉइक ॲसिडचे नॅनोकण आणि पी१९ पेशी: बहुक्षम पेशींपासून चेतापेशी घडवण्याची रीत

नॅनोकण पेशीला चेतापेशी बनवत नाही. बनवतं ते त्याच्या पोटातलं रेटिनॉइक ॲसिड, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून तयार होणारा रेणू. तो पेशीकेंद्रातल्या ग्राहींना चिकटतो आणि जनुकं चालू-बंद करतो. कणाचं काम एवढंच की हा पाण्यात न विरघळणारा, उजेडात खराब होणारा रेणू सांभाळून आत न्यायचा आणि योग्य वेगाने सोडायचा. सगळी गोम या ‘योग्य वेगा’त आहे. अनेक प्रयोगवह्यांत मात्रा ‘इतके मायक्रोग्रॅम कण’ अशी लिहिलेली दिसते आणि त्यातून प्रत्यक्ष किती ॲसिड सुटलं याचा पत्ताच नसतो. खालची सगळी रीत कणांपेक्षा रेणूचा हिशेब ठेवण्यासाठी रचली आहे.

हे मार्गदर्शन मुंबईतल्या एम.एस्सी.-पीएच.डी.च्या प्रयोगशाळेला झेपेल असं आहे. पेशीसंवर्धनाची खोली, बायोसेफ्टी कॅबिनेट, रेफ्रिजरेटेड सेंट्रिफ्यूज आणि यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर हाताशी हवेत. कणांचा आकार मोजायला डीएलएस यंत्र लागतं (ते कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढतं). ते स्वतःकडे नसेल तर शहरातल्या मोठ्या संस्थांमध्ये नमुना तपासून मिळतो.

पेशी कोणत्या?

सुरुवात मानवी आयपीएस पेशींनी (साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखं बनवून मिळवलेल्या) करू नका. त्या महाग आणि नाजूक असतात, शिवाय त्यांना हात लावण्याआधी संस्थेच्या मूलपेशी संशोधन समितीची परवानगी लागते. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचून ठेवा. शिकण्यासाठी उंदराच्या पी१९ पेशी उत्तम. कॅनडात मॅकबर्नी आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्ये त्यांचं वर्णन केलं. या भ्रूणीय कर्कपेशी आहेत, पण वागणं बहुक्षम मूलपेशींसारखं: ज्या वाटेला लावाल त्या वाटेने जातात. पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडारात आधी चौकशी करा, तिथे नसतील तर आयात.

माध्यम साधं आहे: अल्फा-एमईएम, त्यात ७.५ टक्के वासराचं सिरम आणि २.५ टक्के एफबीएस (गर्भस्थ वासराचं सिरम). ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. या पेशी झपाट्याने वाढतात, साधारण १२ ते १५ तासांत दुप्पट. म्हणून दर दोन दिवसांनी १:१० पातळ करून नव्या फ्लास्कमध्ये लावायच्या. फ्लास्क गच्च भरू दिला की पेशी आपल्या मनाने भिन्न होऊ लागतात आणि पुढचा प्रयोग सुरू होण्याआधीच बिघडलेला असतो. सूक्ष्मदर्शकात चपट्या, पसरलेल्या पेशी वाढताना दिसल्या तर तो फ्लास्क टाकून द्या आणि नवी कुपी वितळवा.

मात्रेवरून नशीब ठरतं

पी१९ पेशींचा एक जुना, पक्का गुण आहे. पेशींचे पुंजके करून त्यांना रेटिनॉइक ॲसिड दिलं, की मात्रेप्रमाणे ऊतक बदलतं. काही नॅनोमोलर इतकं थोडं दिलं तर स्नायूकडे कल जातो. सुमारे ५०० नॅनोमोलर आणि त्याहून जास्त दिलं तर चेतापेशी आणि त्यांच्या आधारपेशी तयार होतात. पुंजके न करता एका थरातच दिलं, तर बहुतेक पेशी चपट्या होऊन भलत्याच दिशेला जातात.

‘हळूहळू सोडणारे कण’ ही जाहिरात म्हणून छान आहे. पण कण इतके हळू सोडत असतील की आजूबाजूला जेमतेम पाच-दहा नॅनोमोलर ॲसिड राहील, तर तुम्ही चेतापेशी नव्हे, हृदयस्नायू बनवत आहात. इथे मंद ठिबक म्हणजे चुकीची सूचना. त्यासाठीच सोडण्याचा वेग पेशींवर कण घालण्याआधी मोजायचा, नंतर नाही.

कण तयार करणे

पद्धत नॅनोप्रेसिपिटेशनची, म्हणजे पॉलिमरचं द्रावण पाण्यात सोडून कण पाडण्याची घ्या. यात प्रोब सोनिकेटर लागत नाही, डायक्लोरोमिथेन लागत नाही आणि आकार सहसा १५० ते २०० नॅनोमीटरच्या आसपास येतो.

लागणारं साहित्य:
पीएलजीए (ज्याचे कण बनतात तो, पाण्याने हळूहळू तुटणारा पॉलिमर), लॅक्टाइड-ग्लायकोलाइड ५०:५०, रेणुभार ३०,००० ते ६०,०००: ५० मिलिग्रॅम
ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड: २.५ मिलिग्रॅम
डीएमएसओ (रेटिनॉइक ॲसिड विरघळवणारा द्रावक): ०.२ मिली
ॲसिटोन, एचपीएलसी दर्जाचं: ४.८ मिली
पीव्हीए (कण एकमेकांना चिकटू न देणारा पॉलिमर), ८७-८९ टक्के हायड्रोलाइझ्ड, पाण्यात ०.५ टक्के: २० मिली
ट्रेहॅलोज (गोठवताना कण जपणारी साखर), निर्जंतुक पाण्यात ५ टक्के: २ मिली

पीव्हीए आदल्या दिवशी करून ठेवा. पावडर आधी गार पाण्यात थोडी थोडी भुरभुरायची, ढवळत राहायचं, मग ८० ते ९० अंशांपर्यंत तापवायचं. थेट गरम पाण्यात टाकली तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या कितीही ढवळा, सुटत नाहीत. थंड झाल्यावर ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा.

खोलीतला ट्यूबलाइट बंद करा. पिवळा किंवा लाल दिवा पुरतो. रेटिनॉइक ॲसिड पांढऱ्या उजेडात काही मिनिटांत रूप बदलायला लागतं आणि बदललेली रूपं ग्राहींशी वेगळं वागतात. काचेची प्रत्येक वस्तू फॉइलमध्ये गुंडाळा.

रेटिनॉइक ॲसिड डीएमएसओत विरघळवा. पीएलजीए ॲसिटोनमध्ये विरघळू द्या, मग दोन्ही एकत्र करा. द्रावण स्वच्छ पिवळं दिसायला हवं. गाळायचं तर पीटीएफई फिल्टरनेच गाळा. सेल्युलोज ॲसिटेटचा फिल्टर ॲसिटोनमध्ये विरघळून जातो. नळ्या काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या घ्या. पारदर्शक पॉलिस्टायरिनची नळी ॲसिटोनने चिकट होऊन बसते, आणि तिचं प्लास्टिक तुमच्या कणांत येतं.

आता काचेच्या बीकरमध्ये २० मिली पीव्हीए मॅग्नेटिक स्टररवर ५०० ते ७०० फेऱ्यांवर ठेवा. सिरिंजला २६ गेजची सुई लावून पॉलिमरचं द्रावण मिनिटाला १ मिली या वेगाने पाण्यात सोडा, सुईचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली असू द्या. पाणी निळसर-दुधाळ होत जाईल. घाईने ओतलं तर कणांऐवजी चोथा मिळतो. सगळं घातल्यावर फ्यूम हूडमध्ये, बीकरवर भोकं पाडलेली फॉइल टाकून चार तास ढवळत ठेवा म्हणजे ॲसिटोन उडून जाईल. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ॲसिटोन सिरिंजच्या टोकालाच उडतं आणि सुई पॉलिमरने बुजते. त्या दिवसांत सुई दर दोन मिलीला बदला.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि अर्धे खोटे आकडे तिथूनच येतात. कणांत न शिरलेलं रेटिनॉइक ॲसिड पाण्यात विरघळून राहत नाही, त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक बनतात. जोरात सेंट्रिफ्यूज केलं की ते कणांबरोबरच तळाला बसतात. वरचं पाणी तपासावं तर त्यात ॲसिड नाही, म्हणून ‘९५ टक्के आत गेलं’ असा हिशेब निघतो. प्रत्यक्षात त्यातलं बरंच बाहेरच स्फटिक होऊन पडलेलं असतं. म्हणून आधी ५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट) ५ मिनिटं फिरवा आणि तळाला बसलेलं टाकून द्या. वरचा दुधाळ भाग ठेवा, त्याचा एक थेंब साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. सुया दिसत असतील तर पुन्हा फिरवा.

मग १५,००० जी, ३० मिनिटं, ४ अंश. पेलेट निर्जंतुक पाण्यात मिसळून पुन्हा फिरवा, असं तीनदा. या धुण्यात कंटाळा नको: डीएमएसओ इथेच निघून जातो, आणि तो का निघायलाच हवा हे शेवटी येईल. पेलेट सुटत नसेल तर बर्फाच्या पाण्यात बाथ सोनिकेटरमध्ये एक-दोन मिनिटं धरा. पुढच्या वेळी वेग १२,००० जी ठेवून वेळ वाढवा.

शेवटचा पेलेट २ मिली ट्रेहॅलोजमध्ये मिसळा, वजन केलेल्या १० कुप्यांत २०० मायक्रोलिटर प्रमाणे वाटा, उणे ८० अंशांवर गोठवा आणि २४ ते ४८ तास फ्रीझ ड्रायरला लावा. ट्रेहॅलोजशिवाय गोठवलेले कण वितळल्यावर पुन्हा सुटे होत नाहीत. फ्रीझ ड्रायरला यूपीएस असणं ही चैन नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली होती. अर्धवट सुकलेला नमुना मध्येच वितळला की सगळा चिकट होतो.

वजन करताना एक साधी वजाबाकी विसरू नका. प्रत्येक कुपीत १० मिलिग्रॅम तर ट्रेहॅलोजच आहे. कुपी १३.५ मिलिग्रॅम भरली तर कण साडेतीनच मिलिग्रॅम.

निर्जंतुक करण्याबद्दल: ऑटोक्लेव्हमध्ये पीएलजीए वितळतो, कारण तो ४५ ते ५० अंशांच्या आसपासच मऊ पडतो. ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लावला तर बराचसा माल फिल्टरवरच राहतो. ट्रॉम्बेला आयसोमेड केंद्रात १९७४पासून वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक होतात, पण पट्ट्या आणि सिरिंजना जे चालतं ते पीएलजीएला चालत नाही. गॅमा किरण पॉलिमरच्या साखळ्या तोडतात, मग ॲसिड भसाभस सुटतं. सोपा मार्ग असा: सगळी द्रावणं आधी गाळून घ्यायची आणि ॲसिटोन उडवण्यापासून पुढचं सगळं काम निर्जंतुक भांड्यांत करायचं. शेवटी थोडे कण प्रतिजैविकाविना माध्यमात ४८ तास ३७ अंशांवर ठेवा. माध्यम गढूळ झालं नाही तर पुढे चला. एलएएल चाचणीने एंडोटॉक्सिनही (जिवाणूंचं मागे उरणारं विष) एकदा तपासा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं कार्ट्रिज जुनं असेल तर पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात ते असू शकतं.

रिकाम्या कणांची, म्हणजे ॲसिड न घातलेल्या कणांची एक खेप याच दिवशी, याच बाटल्यांमधून करा. पुढे तिच्याशिवाय पान हलत नाही.

मोजमाप

आकार १५० ते २०० नॅनोमीटर, पीडीआय (कणांच्या आकारांत किती फरक आहे याचा आकडा) ०.२ च्या खाली आणि झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरचा भार) ऋण, हे डीएलएसवर दिसायला हवं. पीडीआय ०.३ च्या वर गेला तर ती खेप पेशींवर घालू नका. पवईला आयआयटीतल्या सैफ या उपकरण केंद्रात टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो) करून घ्यायचं असेल तर नमुना पाण्यातच, बर्फाच्या डब्यात न्या, गोठवू नका. पीएलजीए इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली वितळतो, तेव्हा ऑपरेटरला कमी तीव्रता ठेवायला आधीच सांगा. नाहीतर फोटोत एकमेकांत मिसळलेली डबकी येतील आणि ती ‘गुठळी’ म्हणून खपवली जातील.

आत किती ॲसिड आहे ते असं काढा. १ मिलिग्रॅम कण १ मिली डीएमएसओत पूर्ण विरघळवा, दहापट पातळ करा आणि ३५० नॅनोमीटरच्या आसपासचं शोषण मोजा. मानक आलेख डीएमएसओतच काढा, ०.५ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली या टप्प्यात, आणि तुलनेला रिकाम्या कणांचं द्रावण ठेवा. समजा, उत्तर ३ टक्के आलं, म्हणजे १ मिलिग्रॅम कणांत ३० मायक्रोग्रॅम ॲसिड. रेटिनॉइक ॲसिडचा रेणुभार ३००.४, तेव्हा १ मायक्रोमोलर म्हणजे मिलीला ३०० नॅनोग्रॅम. सगळं ॲसिड सुटलं असं धरलं तर १ मायक्रोमोलरसाठी मिलीला १० मायक्रोग्रॅम कण लागतील. चार दिवसांत निम्मंच सुटत असेल तर २० लागतील.

निम्मं सुटतं की दशांश, हे सुटण्याच्या आलेखावरून कळतं. फॉस्फेट बफरमध्ये ०.५ टक्के ट्वीन ८० (साबणासारखं काम करणारं रसायन) घाला, कारण नुसत्या बफरमध्ये सुटलेलं ॲसिड विरघळत नाही आणि कण ‘काहीच सोडत नाहीत’ असं दिसतं. सहा नळ्या भरा, प्रत्येकीत १ मिलिग्रॅम कण. ३७ अंशांवर, अंधारात, हलवत ठेवा. १, ४, २४, ४८, ७२ आणि ९६ तासांनी एकेक नळी फिरवून पेलेटमध्ये उरलेलं ॲसिड मोजा. बाहेरचं मोजू नका. बाहेर पडलेलं ॲसिड ३७ अंशांवर स्वतःच नासत असतं. ते किती नासतं हे पाहायला सातव्या नळीत मोकळं ॲसिड ठेवा. पहिल्या चार तासांतच निम्म्याहून जास्त सुटलं तर समजा की ॲसिड कणांच्या आत नाही, बाहेर चिकटलंय. धुणं कमी पडलं किंवा भरणा जास्त झाला. पुढच्या खेपेत २.५ ऐवजी १.५ मिलिग्रॅम घ्या.

पेशींवर प्रयोग

गुरुवारी सुरू करा, तो शून्य दिवस. मग दुसरा दिवस शनिवारी, चौथा सोमवारी, सहावा बुधवारी आणि आठवा शुक्रवारी येतो. सोमवारी सुरू केलंत तर सहावा दिवस रविवारी पडेल, आणि मेगाब्लॉकमध्ये डोंबिवलीहून परळला येऊन माध्यम बदलण्याची हौस पहिल्या आठवड्यातच फिटते.

गट सहा ठेवा, प्रत्येकात तीन डिश:
१. काहीही न दिलेल्या पेशी
२. रिकामे कण
३. मोकळं रेटिनॉइक ॲसिड, १ मायक्रोमोलर, चार दिवस
४. ॲसिडचे कण, पुंजक्यांच्या माध्यमात, आलेखावरून तेवढंच ॲसिड सुटेल इतके
५. ॲसिडचे कण पेशींना आधी चार तास पाजून, धुऊन, मग पुंजके
६. मोकळं ॲसिड तसंच चार तास देऊन, धुऊन, मग पुंजके

सहावा गट लोक सोडतात. तो नसेल तर पाचव्या गटातला परिणाम पेशींनी गिळलेल्या कणांचा, की चार तासांत माध्यमात सुटलेल्या ॲसिडचा, हे कधीच सांगता येणार नाही.

पाचवा गट का हवा, तेही पाहा. पुंजके दोन-तीनशे मायक्रॉनचे होतात. माध्यमात नंतर घातलेले कण बाहेरच्या थरांत अडकतात, आतल्या पेशींपर्यंत पोचत नाहीत. मोकळा रेणू सहज झिरपतो, पण १५० नॅनोमीटरचा कण झिरपत नाही. म्हणून पेशी सुट्या असतानाच कण आत घालायचे. उलट बाजूही आहे: चार दिवसांत पेशी सहा-सात वेळा विभागतात आणि गिळलेला साठा दर वेळी अर्धा होतो. शिवाय एका थरात जास्त वेळ ॲसिड मिळालं की पेशी चपटेपणाकडे झुकतात. म्हणून चार तासच. रात्रभर ठेवू नका.

पाचव्या गटासाठी टी-२५ फ्लास्क निम्मा भरलेला असताना ५ मिली माध्यमात मिलीला ३० मायक्रोग्रॅम या प्रमाणात कण घाला. कण आधी थोड्या पाण्यात सुटे करा, मग थेंब थेंब माध्यमात. कोरडी पावडर थेट माध्यमात टाकली की सिरममधली प्रथिनं तिच्या गाठी करतात. यात एकूण ॲसिड मिलीला ०.९ मायक्रोग्रॅम, म्हणजे ३ मायक्रोमोलर. तेव्हा सहाव्या गटाला मोकळं ॲसिडही ३ मायक्रोमोलर. चार तासांनी दोनदा बफरने धुवा.

सगळ्या गटांच्या पेशी ०.०५ टक्के ट्रिप्सिनने सोडवा, मोजा, आणि १० सेंमीच्या बॅक्टेरियल पेट्री डिशमध्ये १० मिली माध्यमात १० लाख पेशी टाका. माध्यमात इथे ५ टक्के एफबीएस पुरे. डिश पेशीसंवर्धनाची नको, साधी बॅक्टेरियाची हवी. पेशी तळाला चिकटता कामा नयेत. तरी चिकटत असतील तर तळाला १ टक्का ॲगरोजचा पातळ थर द्या. डिश गोल फिरवून मिसळू नका, सगळ्या पेशी मधोमध जमून एकच गोळा होतो. पुढे-मागे, मग डावी-उजवी, एवढंच.

शनिवारी पुंजके १५ मिलीच्या नळीत घेऊन दहा मिनिटं नुसते बसू द्या, सेंट्रिफ्यूज नको. वरचं माध्यम काढून नवं घाला. तिसऱ्या गटाला ॲसिड पुन्हा द्या. चौथ्या गटाला कण पुन्हा देताना आलेखाप्रमाणे दोन दिवसांचाच वाटा द्या.

सोमवारी पुंजके धुऊन ट्रिप्सिन आणि मिलीला ५० मायक्रोग्रॅम डीएनेझने सोडवा. डीएनेझ नसेल तर फुटलेल्या पेशींच्या डीएनएचा शेंबडासारखा गोळा होतो आणि चांगल्या पेशीही त्यात अडकतात. ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. पॉली-डी-लायसिन आणि लॅमिनिन लावलेल्या काचेवर चौरस सेंटिमीटरला १ लाख पेशी लावा, न्यूरोबेसल माध्यमात बी-२७ हे पूरक मिश्रण घालून.

बी-२७ घेताना बाटलीवरचं लेबल नीट वाचा. नेहमीच्या बी-२७मध्ये अ जीवनसत्त्वाचं रूप असतं आणि पेशी त्यापासून स्वतःच रेटिनॉइक ॲसिड बनवू शकतात. मग कण न दिलेल्या गटातही चेतापेशी दिसतात आणि सगळी तुलना मातीमोल होते. ‘अ जीवनसत्त्वाविना’ मिळणारं बी-२७ मागवा. सिरममध्येही थोडं रेटिनॉल असतंच, म्हणून सर्व गटांना एकाच लॉटचं सिरम.

बुधवारी ५ मायक्रोमोलर अरा-सी द्या, शुक्रवारी काढा. विभागत राहिलेल्या पेशी त्याने मरतात आणि विभागणं थांबवलेल्या चेतापेशी राहतात. लांब, बारीक तंतू शुक्रवारपर्यंत दिसू लागतात.

खात्री कशी करायची

तंतू दिसले म्हणजे चेतापेशी, असं नाही. पण रंगवण्याआधी एक स्वस्त आणि झटपट खूण आहे. पुंजके टाकल्यावर १२ तासांनी थोड्या पेशींचा आरएनए काढून क्यूपीसीआरवर (जनुक किती चालू आहे ते मोजणारी पद्धत) सिप२६ए१ जनुक पाहा. रेटिनॉइक ॲसिड पेशीकेंद्रात पोचलं की हे जनुक भरभर वर जातं. ते वर गेलं नाही तर पुढच्या दहा दिवसांचं माध्यम वाया घालवू नका. गंमत अशी की या जनुकाचं प्रथिन रेटिनॉइक ॲसिडच नष्ट करतं. पेशी स्वतःच नळ बंद करायला धावते, म्हणूनही थेंब-थेंब पुरवठा कमी पडतो.

चौथ्या दिवशी मूलपेशीपणाची जनुकं ऑक्ट४ आणि नॅनोग खाली, चेतापेशींच्या वाटेची पॅक्स६ आणि ॲस्क्ल१ वर गेलेली दिसायला हवीत. आठव्या ते अकराव्या दिवशी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं, ०.२ टक्के ट्रायटन १० मिनिटं, मग बीटा-३ ट्युब्युलिन आणि मॅप२ या चेतापेशींच्या प्रथिनांची प्रतिपिंडं रात्रभर ४ अंशांवर. केंद्रकं डॅपी या रंगाने. प्रत्येक काचेवर ठरावीक दहा जागांचे फोटो घ्या. सुंदर दिसणारी जागा निवडणं हीही एक चूकच. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

कण आत जातात हे दाखवायला कुमारिन-६ हा चमकणारा रंग भरलेले वेगळे कण करतात. हा रंग कणांतून गळून थेट पेशीत शिरतो आणि सगळी पेशी हिरवी दिसते. कण २४ तास माध्यमात ठेवून, फिरवून, फक्त वरचं पाणी काही पेशींना द्या. त्या हिरव्या झाल्या तर तुमचा पुरावा पुरावा नाही.

काय बिघडतं

पावसाळ्यात सुकवलेली कुपी उघडी राहिली तर काही मिनिटांत पावडर ओली होऊन आक्रसते. पीएलजीए पाण्याने तुटतो, तेव्हा कुप्या सिलिका जेलसह बंद डब्यात उणे २० अंशांवर ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण उघडा. जुलै-ऑगस्टमध्ये इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी हमखास येते. पाणी निर्जंतुक हवं, आठवड्याला बदललेलं हवं, आणि एसीचं ठिबकणारं पाणी कॅबिनेटच्या आसपास नको.

रिकाम्या कणांनीच पेशी मरत असतील तर ॲसिटोन उरलंय किंवा पीव्हीए नीट धुतला गेला नाही. कण पेशींच्या आत सहज जावेत म्हणून त्यांच्यावर धन भाराच्या पीईआय या पॉलिमरचं आवरण द्यायचा मोह होतो. शोषण वाढतं खरं, पण पेशींचं पटलही फाटतं, आणि ॲसिडचा परिणाम विषबाधेपासून वेगळा काढणं अवघड होऊन बसतं.

हीच रीत मानवी आयपीएस पेशींपासून बनवलेल्या चेता-पूर्वज पेशींवर नेताना लक्षात घ्या की रेटिनॉइक ॲसिड मेंदूच्या मागच्या भागाकडे आणि मज्जारज्जूकडे ओढतं. पुढच्या मेंदूच्या, बाह्यकाच्या चेतापेशी हव्या असतील तर हा रेणूच चुकीचा. आणि डिशमधलं यश म्हणजे रुग्णाचा इलाज नव्हे. रक्तविकारांसाठीचं रक्तमूलपेशींचं रोपण आणि मोजकी मंजूर उत्पादनं सोडली तर भारतात मूलपेशी देण्याला मान्यता फक्त नोंदणीकृत चाचणीतच आहे. शहरात पाट्या काहीही लावलेल्या असोत.

सगळ्यांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट आठव्या-दहाव्या दिवशी घडते. डिशमध्ये काही पुंजके लयीत धडधडताना दिसतात. ते हृदयस्नायू आहेत. तेच ठोके रिकाम्या कणांच्या गटातही असतील तर डीएमएसओवरही संशय घ्या: अर्धा ते एक टक्का डीएमएसओ पी१९ पेशींना स्नायू बनवायला पुरेसा असतो. कण पुन्हा तीनदा धुवा आणि मोकळ्या ॲसिडचा साठा १० मिलिमोलर ठेवा, म्हणजे १ मायक्रोमोलरसाठी डीएमएसओ ०.०१ टक्क्यावर राहील. ठोके फक्त ॲसिडच्या कणांच्या गटांत असतील तर कण फार हळू सोडताहेत. सुटण्याचा आलेख पुन्हा काढा, चौथ्या गटातली मात्रा तिप्पट करा, आणि सिप२६ए१ बारा तासांऐवजी सहा, बारा आणि चोवीस तासांना पाहा.